कुलाबा जिल्ह्यातली माहेरवाशीण

खैरुन्निसा कराचीहून निघाली ती लाहोर, अटारी, दिल्ली असा लांबचा वळसा घालून मुंबईत उतरली. साल त्र्याऐंशी. एकोणीस वर्षांनी ती माहेरी येत होती. धाकटा भाऊ मकबूल तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर आला होता, पण दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही. तिने शेवटचा पाहिला होता तो मिसरूड फुटलेला पोरगा. समोर उभा होता तो टक्कल पडू लागलेला, चष्मा लावलेला सरकारी कारकून. त्याच्यासमोरून ती दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा वळून तिने विचारलं, "मक्या?" आणि ट्रंकेवर बसून दोघं भावंडं लहान पोरांसारखी रडली.

तिचं लग्न अठ्ठावन्न साली झालं, सख्ख्या मामाच्या मुलाशी. मामा कधीचाच कराचीच्या गोदीत कामाला होता. आयने आपल्या भावाच्या घरी लेक दिली, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं आणि कराचीच्या धक्क्यावर उतरायचं. बाळंतपणाला ती माहेरीच आली होती. मग पासष्टची लढाई झाली, बोटी थांबल्या. एकाहत्तरची झाली आणि टपालही थांबलं. अब्बा गेल्याचं तिला सहा महिन्यांनी कळलं होतं. आता नवराही गेला. एकुलती एक लेक झुबेदा तिकडेच संसाराला लागली. आणि मग निरोप आला की आय न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं, ती आता उठायची नाही.

मकबूल वाशीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होता. आय मात्र गावी, थोरल्या झहूरभाईकडे. गाव खारघरच्या डोंगराखाली, वाशीहून एसटीने तासाभराचं. खैरुन्निसाला वाटलं होतं, आज वाशी, उद्या आय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकबूल तिला पोलीस चौकीत वर्दी द्यायला घेऊन गेला. तिकडून येणाऱ्याने ती आल्या आल्या द्यावीच लागते. फौजदार वयस्क, सभ्य माणूस होता. त्याने बाईला खुर्ची दिली. पासपोर्टची पानं उलटली आणि विचारलं, "इथून कुठं जाणार?"

"आयकडं. गावाला."

"गाव कुठल्या जिल्ह्यात?"

"कुलाबा जिल्हा."

"आता त्याला रायगड म्हणतात. दोन वर्षं झाली नाव बदलून." फौजदाराने पुन्हा व्हिसाचं पान काढलं आणि बोट ठेवलं. "पण इथं रायगडही नाही आणि कुलाबाही नाही. मुंबई शहर आणि ठाणे जिल्हा, एवढंच आहे."

मकबूलने पान हातात घेतलं. खैरुन्निसा म्हणाली, "असं कसं? मी स्वतः सांगितलं, कुलाबा."

मग उलगडा झाला. तिला लिहिता-वाचता उर्दूच येत होती. कराचीत तिने एका मुनशीकडून अर्ज भरून घेतला होता. त्या माणसाला कुलाबा ठाऊक होता तो मुंबईतला, समुद्रकाठचा. त्याने 'कुलाबा, मुंबई' लिहिलं. भावाचा पत्ता म्हणून वाशी, जिल्हा ठाणे. झालं. जिथे जायचं होतं तेवढंच गाव कागदावर नव्हतं.

"साहेब, हे बघा, इथून तासाभरावर आहे," मकबूल म्हणाला.

"मला माहीत आहे हो. मी पनवेललाच राहतो. पण जागा वाढवून द्यायचा अधिकार माझा नाही. अर्ज द्या, मी आजच वर पाठवतो. तोवर बाईंनी जिल्ह्याची हद्द ओलांडू नये. ओलांडली आणि कळलं, तर बाईंवर गुन्हा, आणि तुम्ही सरकारी नोकरीत..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

अर्ज दिला. वर गेला. वरून आणखी वर गेला असं सांगण्यात आलं. व्हिसा दीड महिन्याचा होता आणि त्यातले दिवस हातातल्या वाळूसारखे जाऊ लागले.

खैरुन्निसा दिवसभर गॅलरीत बसून राहायची. शेजारच्या भिमाबाई चिपळूणकडच्या. पहिल्या दिवशी त्या लांबूनच बघत होत्या, दुसऱ्या दिवशी सुपात तांदूळ घेऊन तिच्याजवळ निवडायला बसल्या.

"एवढ्या जवळ आई आणि भेट नाही, म्हंजे काय म्हनायचं याला," भिमाबाई म्हणाल्या.

मकबूलची बायको फातिमा धीट होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आपा, बुरखा घाला. मी पण घालते. एसटीत दोन बायका बसल्या, कोण विचारतंय? रात्रीच्या आत परत."

मकबूल एकदम ओरडला, "गप बस! पोरांच्या पोटावर पाय आणशील."

खैरुन्निसाच म्हणाली, "तो बरोबर सांगतोय. मी नाही जायची. कागद येईल." तिला भावाचा राग आला नाही.

खालच्या मजल्यावर कमळाकर वकील राहत. मकबूल तिला त्यांच्याकडे घेऊन गेला. तिच्या मनात एक वेगळाच प्रश्न होता, जो तिने भावालाही सांगितला नव्हता.

"वकीलसाहेब, मी इथं जन्मले. माझे बाप-आजे इथल्या मातीत आहेत. मग मी इथली कशी नाही?"

"जन्मलात हे खरं. पण तिकडचा पासपोर्ट स्वतः अर्ज करून घेतलात, त्या दिवशी इथलं नागरिकत्व आपोआप गेलं. कायदा असा आहे."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणालाच सांगत नाहीत."

"परत मिळत नाही?"

वकिलांनी चष्मा काढला. "मागता येतं. तुम्ही विधवा आहात, आई आणि भाऊ इथं आहेत. आधी मुदत वाढवून मागायची, मग जास्त दिवसांच्या मुक्कामाची परवानगी. ठरलेला काळ इथं सलग काढलात, की नागरिक म्हणून नोंद करा असा अर्ज. देतीलच असं नाही, पण तुमच्यासारख्यांना मिळालेलं मी पाहिलंय. तिकडचा पासपोर्ट मात्र सोडावा लागेल."

"आणि मग माझ्या लेकीकडं कशी जाऊ?"

"व्हिसा काढून," वकील म्हणाले. "जसा आत्ता आईसाठी काढलात."

जिना चढताना ती मधेच कठड्याला धरून उभी राहिली. झुबेदाला पाचवा महिना होता. पहिलटकरीण. सासरी सासू नाही, जाऊ नाही. निघताना तिने आईचा पदर सोडला नव्हता. "अम्मी, वेळेला येशील ना?" एवढंच पुन्हा पुन्हा.

इकडे गावी आयने हट्ट धरला. लेक वाशीला आली आणि येत का नाही, हे तिला कुणालाच नीट समजावता येईना. शेवटी झहूरभाईने सांगितलं की सरकारने हद्द घातली आहे, बेलापूरपर्यंतच तिला यायची मुभा. आय आढ्याकडे बघतच म्हणाली, "मग मना न्या बेलापुराला."

डॉक्टर नको म्हणत होते. हाडाला धक्का बसला तर ताप चढेल, म्हणाले. आयने त्यांना विचारलं, "आनि नाय नेली तर मी धावाया लागेन काय?"

बेलापूर ठाणे जिल्ह्यात. गावाजवळचा ओढा ओलांडला की लागतंच. तिथे देवजी कोळी राहायचा, अब्बांचा जुना भागीदार. दोघांनी मिळून एक होडी चालवली होती. त्याने ओटीवर गादी घातली, बायकोकडून सारवून घेतलं. शुक्रवारी झहूरभाईने आयला बाजेसकट टेम्पोत ठेवलं, खाली गवताचा पेंढा भरला आणि पायी चालल्यासारखा टेम्पो हाकत आणला.

खैरुन्निसा आधीच येऊन थांबली होती. बाज खाली उतरवली, तेव्हा तिला वाटलं, चुकून कुणा पोरीला आणलं. एवढीशी झाली होती आय. तिने वाकून आयच्या गालाला गाल लावला.

आयने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. "आलीस गं माझी बाय. लई उन्हात बसलीस काय? काळवंडलीस."

दुपारभर दोघी ओटीवर होत्या. देवजीच्या बायकोने, पुतळाने, तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं. खैरुन्निसाने आयला घासघास भरवलं. झहूरभाई, मकबूल, देवजी अंगणात बसून सरकारच्या नव्या शहरासाठी जमिनी कशा गेल्या, मोजणीचे दगड कुठे कुठे पडले, हे बोलत राहिले. त्यांनी मुद्दाम ओटीकडे पाठ केली होती.

उन्हं कलली, तेव्हा आयने विचारलं, "आता र्‍हाशील ना? मक्या सांगत व्हता, अर्ज करता येतो म्हनून."

खैरुन्निसाने हो म्हणायचं ठरवलं होतं. आदल्या रात्री तिने ते वाक्य मनात घोळवूनही ठेवलं होतं. पण आयच्या डोळ्यांना डोळा भिडला आणि तिला खोटं बोलता आलं नाही.

"नाही आय. झुबेदाला दिवस गेलेत. तिला कुणी नाही तिकडं."

पुतळा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच मागे फिरली. आय म्हणाली, "बरोबर. लेकीला सोडून आयकडं कोन र्‍हातं? मी र्‍हायले व्हते काय?" मग तिचा हात धरून म्हणाली, "भावाच्या घरात दिली, म्हनून मी निवांत व्हते. मला काय ठावं, भावाच्या घराची वाटच तोडून टाकतील."

"तुझी काय चूक, आय?"

"चूक कुनाचीच नाय. म्हनून तर रडाया येतंय."

टेम्पो निघाला तेव्हा खैरुन्निसा मागोमाग ओढ्यापर्यंत चालत गेली. टेम्पो पाण्यातून पलीकडे चढला. ती काठावर उभी राहिली. मकबूल तिच्या मागे उभा होता आणि त्याला बहिणीकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. आयला ताप आला आणि उतरला नाही. दहाव्या दिवशी सकाळी देवजी वाशीला आला. दारात उभा राहिला आणि डोक्याची टोपी हातात घेतली.

खैरुन्निसा जमिनीवर बसली. भिमाबाई धावत आल्या, त्यांनी तिला मांडीवर घेतलं. परवानगीचा कागद अजून वरच होता. फातिमा कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून रडत होती. बुरख्याचं नाव तिने काढलं नाही.

मकबूल ऑफिसला निघायच्या कपड्यांत होता. त्याने चपला घातल्या, खाली जाऊन टॅक्सी आणली आणि वर येऊन म्हणाला, "आपा, चल."

"कुठं?"

"घरी."

"मक्या, तुझी नोकरी..."

"चल म्हटलं ना. जोहरच्या नमाजाआधी पोचायला हवं, दुपारीच दफन आहे."

ओढा आला. त्यात त्या दिवशी घोटाभर पाणी होतं. टॅक्सी सहज पार झाली, कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. एवढ्याशा पाण्यासाठी आपण इतके दिवस थांबलो, असं खैरुन्निसाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरी आयला न्हाऊ घातलं होतं. कफन चेहऱ्यावरून तिच्यासाठीच उघडं ठेवलं होतं. बायकांनी वाट दिली. तिने आयच्या कपाळावर हात ठेवला. घरातून मयत निघाली तेव्हा ती दाराच्या चौकटीपाशी उभी होती, जिथून लग्नाच्या दिवशी तिची पाठवणी झाली होती. पुरुष वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. संध्याकाळी मकबूलने तिला वाशीला परत आणलं.

कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. गाव लहान, घरात मयत, शंभर माणसं आली-गेली. चार दिवसांनी चौकीतून बोलावणं आलं. तोच फौजदार होता. त्याने विचारलं, "बाई, गावाला गेला होतात?"

"गेले होते. आय वारली."

फौजदाराने पेनाला टोपण लावलं. "तुम्ही नाही म्हटलं असतंत, तर मी तसं लिहिलं असतं."

"आयला बघायला गेले नाही, असं कसं म्हणू?"

त्याने जे ऐकलं ते लिहिलं. गुन्हा दाखल झाला नाही, तेवढी त्याची माणुसकी. पण मुदतीआधी देश सोडा असा हुकूम आला आणि तिच्या नावापुढे शेरा पडला. मकबूलची खात्यात चौकशी लागली आणि व्हायच्या बेतात असलेली बढती अडकली. तो बहिणीला एका शब्दाने बोलला नाही. स्टेशनवर त्याने तिची ट्रंक बाकाखाली सरकवली, पाण्याचा फिरकीचा तांब्या भरून आणला, आणि गाडी हलली तेव्हा बरोबर धावायला लागला, जसा लहानपणी धक्क्यावर धावायचा.

झुबेदाला मुलगी झाली. खैरुन्निसा वेळेला तिथे होती. त्यानंतर तिने तीनदा व्हिसासाठी अर्ज केला, झहूरभाई आजारी पडला तेव्हा, मकबूलच्या मुलीच्या लग्नाला, आणि एकदा काहीच कारण नसताना. तिन्ही वेळा नकार आला. गावचं घरही दरम्यान त्या नव्या शहरासाठी पाडलं गेलं, असं तिने ऐकलं.

सत्याऐंशीच्या ईदेला झुबेदाच्या शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लागला. तारेत खरखर होती. मकबूलचा आवाज खूप लांबून यावा तसा येत होता.

"आपा, बरी हायस ना?"

"बरी आहे. मक्या, खरं सांग, तुझी बढती झाली?"

"झाली गं," मकबूल म्हणाला. "केव्हाच झाली."

त्याला खोटं बोलायला कधीच जमलं नव्हतं, आताही जमलं नाही. खैरुन्निसाने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "मुबारक हो, बाळा. पोरांना पेढे वाट माझ्या नावानं."