कोपराच्या वरचा चुडा

आमच्या तांड्यापासून कोसभरावर गाव आहे. त्या गावच्या सरकारी दवाखान्यात निकिता नावाची नवीन नर्स आली. तिले माणसाशी बोलता येत नाही, ती हातापायांशी बोलते. "हात पुढे. तोंड उघडा. पुढचा नंबर." मी साठीची बाई, चक्कर येते म्हणून गेलती. माह्यामागं तांड्यातल्या अकरा बाया. अन् ही पोट्टी कागदावरून मान वर न करता म्हणते, "आजी, त्या बांगड्या काढा. बीपीचा पट्टा बसत नाही."

कोपराच्या वर दंडभर पांढऱ्या बांगड्या, हा आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बाईचा चुडा. नवरा जिवंत आहे तोवर तो उतरत नाही. आताच्या पोरी घालत नाहीत, पण मी लग्नात चढवला तो चढवला. अन् माहा खेमसिंग तिथंच दाराशी तंबाखू मळत उभा होता!

"तुह्या मायले सांग आधी काढाले!" म्हटलं अन् उठली. माह्यामागं अकराही उठल्या. बाक रिकामा.

वाटेत खेमसिंग म्हणे, "कायले एवढी तापली? मी तं जिवंतच आहो ना."

"म्हणूनच तापली. मेला असता तं गुमान काढल्या असत्या."

तो हसला. त्याले हसायले काय लागते!

घरी येऊन मी सांगून टाकलं, या घरातलं कोणी त्या पोरीच्या हाताखाली जाणार नाही. माही सून राखी तवा सात महिन्यांची पोटुशी. तिची दर महिन्याची तपासणी तिथंच होत होती. लेक जीवन ट्रक घेऊन नांदेडकडे गेलता. घरी असता तरी माह्यापुढं त्याचं तोंड उघडलं नसतं. राखीचं उघडलं.

"याडी, भांडण तुमचं. माह्या पोटातल्यानं काय केलं?"

सासूले ती याडीच म्हणते, म्हणजे आई. मी म्हटलं, "बाजाराच्या दिवशी ढाणकीच्या डॉक्टरकडे नेतो तुले."

पण कापूस वेचणीवर आलता. एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. राखीचे पाय सुजले, चपलेत मावेनात. मी म्हटलं, पोटुशीचे पाय सुजतातच, माहे बी सुजले होते.

मग एका मंगळवारी भर दुपारी तांड्यातले कुत्रे भुंकले. पाहतो तं स्कुटीवर निकिता. घामानं डबडबलेली, गाडी धुळीनं भरलेली.

"रस्ता भुलली काय, बाई?" मी ओट्यावरूनच विचारलं.

"नाही आजी. राखीच्या तपासणीची तारीख होऊन बारा दिवस झाले. ती आली नाही, म्हणून मीच आली."

"माह्या सुनेले हात लावाचा नाई."

ती गेली नाही. थैली खाली ठेवून उभी राहिली. "त्या दिवशी माझं काय चुकलं ते मला कोणीच सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. गोड करून नाही सांगितलं. "तुही माय नवऱ्याजवळ बसली हाय, अन् कोनी येऊन तिले म्हनते, कुंकू पूस. कसं लागन?"

पोरीचं तोंड उतरलं. तिनं माफी मागितली असती तं मी आणखी दोन ऐकवल्या असत्या. पण ती माह्या चुड्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "आजी, खालचा हात द्या. कोपराखालचा."

"पट्टा तं दंडाले बांधतात ना?"

"इथंही बांधता येतो. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण जास्त आहे की नाही ते कळते. त्या दिवशीच हे सुचायला पाहिजे होतं."

कोपर अन् मनगटाच्या मधात तिनं पट्टा गुंडाळला, मनगटाच्या नाडीवर नळी ठेवली अन् फुगा दाबला. चुड्याले बोटही लावलं नाही.

"एकशे ऐंशी! आजी, तुम्हाला गोळी लागते."

"माहं राहू दे," मी म्हटलं. "राखे, ये बाहेर."

राखीचा दंड मोकळा, पट्टा बसायचा तिथंच बसला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग निकितानं तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"डोकं दुखते? डोळ्यापुढे चमकते?"

"आठ दिवस झाले," राखी म्हणाली.

"मले काहून नाई सांगितलं?" मी ओरडली.

"तुम्ही विचारलं काय, याडी?"

निकितानं तवर गाडी बोलावली होती. एकशे आठची गाडी आली, तशी ती राखीजवळ बसली, मी दुसऱ्या बाजूनं. उमरखेडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत तिनं राखीचा हात सोडला नाही, अन् बोलत राहिली. बाळाचं नाव काय ठेवायचं, जीवन फोनवर काय बोलतो, असलं काहीबाही. मी ऐकत होती. या पोरीले बोलता येते की!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट चिरून नात काढली. पावणेदोन किलोची, कोंबडीच्या पिलावानी. डॉक्टरीण म्हणाली, बीपी लई चढलं होतं, आणखी दोन दिवस काढले असते तं राखीले झटके आले असते. हे ऐकून मी खाली बसली. चक्कर बीपीची नव्हती.

पोरगी अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. मग माय-लेकी दोघी घरी आल्या. राखीची सूज उतरली. पोरगी रडते ते चार घरं ऐकतात.

काल निकिता वजन करायले आली. दोन किलो अडीचशे. माह्या अंगणात तांड्याच्या बाया रांगेनं बसल्या होत्या, अन् ही पुन्हा कागदावरून मान वर न करता, "पुढची कोण? गोळी घेतली का आजी?"

सगळ्या ऐकत होत्या, म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "घेतली. आता तू ऐक, पोट्टे. माह्या घरात, माह्या डोळ्यापुढं माही सून फुगून राह्यली होती. थे तुले कोसभरावरून दिसलं, मले नाई दिसलं. नर्स तू पक्की हायेस. बोलाचालाचं मात्र अजून कच्चं हाय तुहं, अन् थ्याले गोळी नाई. दर मंगळवारी येत जाय, थे मी पाहतो."