लांबकान्या

सँ-मालो या बंदरगावाच्या तटबंदीला खेटून उभ्या असलेल्या जहाजमालकाच्या जुन्या हवेलीचं आता संग्रहालय झालं होतं, आणि तिथे आर्मेल वीस वर्षं पाहुण्यांना माहिती सांगत फिरवत होती. तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत सगळं घर तिला तोंडपाठ. पण पॅरिसहून आलेल्या नव्या संचालकांनी, तिबोसाहेबांनी, तीच माहिती सांगणारी, कानात घालून ऐकायची यंत्रं आणली. आजचा प्रयोग जमला की सोमवारपासून आर्मेलने घरी बसायचं.

यंत्रातला मजकूर तिनेच लिहून दिला होता. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय! साहेबांनी त्यात एकच शब्द बदलला.

"लांबकान्या? बालवाडीचं पुस्तक आहे का हे, बाई?"

"राहू द्या तसंच, साहेब. या गावात..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मग बसा म्हणावं, असं मनात म्हणून आर्मेल निघून गेली.

प्रयोगाला बोलावले होते बंदरावरचे बारा निवृत्त खलाशी. कानात यंत्रं खोचून ते शहाण्या मुलांसारखे खोल्याखोल्यांतून फिरले, माना डोलावत राहिले. आर्मेल मागून बघत होती. मेल्यांना आवडत होतं की!

स्वयंपाकघरात यंत्र म्हणालं, "इथे दर रविवारी ससा शिजत असे."

बारा हात एकदम कानांकडे गेले. यंत्रं टेबलावर आदळली. अपशकुन उतरवायला लोखंड शिवावं लागतं, म्हणून कुणी चुलीचा लोखंडी आकडा धरला, कुणी खिशातली किल्ली. म्हातारा गोनेरी तर पांढराफटक पडला.

"उद्या माझा नातू समुद्रावर निघालाय, आणि त्या लांबकान्याचं खरं नाव घेता?"

"अहो, पण ससाच तर..." साहेब म्हणाले.

"परत बोलला!" कुणीतरी ओरडलं. "दोरखंड कुरतडून जहाजं बुडवलीत त्याने!"

सगळे दाराकडे निघाले. जाऊ दिलं असतं तर आर्मेलची नोकरी वाचलीच होती. पण गोनेरी लोखंडासाठी रिकामे खिसे चाचपत होता, आणि ते तिला बघवेना. तिने त्याचे हात धरून भिंतीला टेकवलेल्या जहाजाच्या जुन्या लोखंडी नांगरावर ठेवले.

"झालं, गोनेरीकाका. उतरलं सगळं. आता वर चला, मालक जिथून जहाजाची वाट बघायचा ना, त्या खिडकीतून नातवाची बोट दाखवते."

बाराही जण तिच्या मागोमाग जिना चढले. पोटमाळ्यावर ती बोलत राहिली, आणि म्हातारे खिडकीला नाक लावून ऐकत राहिले.

सर्वांत मागून साहेब आले.

"बाई, सोमवारी किती वाजता याल?"

"नेहमीच्याच वेळेला," आर्मेल म्हणाली. मग तिचं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं. "आणि साहेब, दाराची किल्ली सोडा आता. हात लाल झालाय."