खाली बसून घेतलेलं माप

टर्रकन आवाज झाला तेव्हा टेलर मास्तर निम्मे वाकलेले होते आणि त्यांचे दोन्ही हात जमिनीच्या दिशेने नुसतेच लोंबत होते. एकेचाळीस वर्षं ज्याने कापडाशी संसार केला, त्याला उसवल्याचा आवाज वेगळा आणि फाटल्याचा वेगळा, हे पाठमोरं असतानाही कळतं. हे फाटलेलं होतं.

"काय फाटलं हो?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही असं फाटत नसतं."

ती हात पुसत बाहेर आली. मास्तरांच्या मागे जाऊन तिने बघितलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मास्तर तसेच वाकून उभे. सरळ व्हायचं तर आधी भिंतीला हात लावायला हवा होता आणि भिंत दोन पावलं लांब होती.

पँट खास योगासनांसाठी शिवलेली होती. मऊ सुती कापड, दुहेरी शिलाई, कमरेला नाडी. मास्तरांनी ती अख्खी दुपार दुकानात बसून हौसेने शिवली होती.

"माप कुणाचं घेतलं होतंत?" बायकोने विचारलं.

"स्वतःचं माप कशाला घ्यायला हवं? पाठ आहे मला. बत्तीस."

"ते लग्नातलं."

बायकोने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. इतक्या वर्षांत ती टेप तिच्या हातात कधी आली नव्हती. मास्तर कुणाला हातच लावू देत नसत. तिने ती त्यांच्या कमरेभोवती फिरवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि आकडा वाचला. "अडतीस."

"सैल धरलीस."

"मग घट्ट धरते."

"नको, नको. राहू दे अडतीस."

मग तिने मांडीचं माप घेतलं, गुडघ्याचं घेतलं आणि लांबीसाठी पटकन खाली बसून टेप त्यांच्या घोट्याला लावली. बसली तशीच उठली, कुठेही हात न टेकता. मास्तर ते बघत राहिले. त्यांना जे जमत नव्हतं ते नेमकं एवढंच होतं.

तसे मास्तर हौसेने या वाटेला गेलेले नव्हते. बायको अकरा वर्षं रोज सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून आसनं करायची. मास्तर चहा पीत तिची थट्टा करायचे. तिने पाय फाकवले की म्हणायचे, "कात्री उघडी राहिली बघ." त्यांच्या लेखी आसन म्हणजे पँटचं, बसायच्या जागेचं. ते ढिलं ठेवलं की झालं. स्वतःचं शरीर मशीनवर वाकून वाकून कधी घडी घातल्यासारखं झालं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आधी गुडघे कुरकुरायला लागले, मग कंबर. शेवटी गिऱ्हाइकाच्या पायाशी बसणंच बंद झालं. लांबीचं माप घेताना ते उभ्यानेच टेप वरून खाली सोडायचे आणि आकडा डोळ्यांनी अंदाजे वाचायचे. बसलो नाही तरी हात बसलेला आहे, असं स्वतःला समजवायचे.

अंदाज चुकला तो नेमका अग्निशमन केंद्राच्या कामात. तिथले बावीस जवान आणि एक साहेब यांचे गणवेश वर्षानुवर्षं मास्तरच शिवत आले होते. गेल्या वेळी त्यातल्या अकरा पँटी आखूड झाल्या. तपासणीला वरून आलेल्या अधिकाऱ्याने रांगेतले मोजे बघितले आणि विचारलं, "आग विझवायला निघालात की पुरातून चाललात?" सगळी रांग हसली. ही गोष्ट मास्तरांच्या कानावर आली, तेव्हापासून दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मग एक दिवस साहेब स्वतः दुकानात आले.

"मास्तर, वरून तयार कपडे घ्यायचं चाललंय," ते म्हणाले. "मी दोन महिने थांबवून धरलंय. पण या खेपेला मापं नीट हवीत. खाली बसून घेतलेली. जमणार नसेल तर तसं सांगा, मला राग येणार नाही."

"जमेल की," मास्तर म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

साहेब जायला वळले तेव्हा मास्तरांची नजर त्यांच्या डाव्या पायावर गेली. पँटीची खालची दुमड वेड्यावाकड्या टाक्यांनी हातानेच वर घेतलेली होती. पुरुषी हाताचे टाके, दोराही वेगळ्याच रंगाचा.

नऊ वर्षांपूर्वी एका आगीत जिना कोसळून साहेबांचा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण पाय अर्ध्या इंचाने आखूड राहिला. साहेबांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. लंगडणं दिसू न देता ते ताठ चालायचे. मास्तरांना ते कळलं होतं माप घेताना, त्यांच्या पायाशी बसलेले असताना. तेव्हा मास्तर काही बोलले नव्हते, साहेबही काही बोलले नव्हते. पुढे दरवर्षी डावा पाय अर्धा इंच कमी कापला जायचा. गेल्या वेळी मात्र मास्तर खाली बसलेच नाहीत. वरूनच टेप सोडली आणि दोन्ही पाय एका मापाचे कापले. आणि हा माणूस अकरा पँटींची तक्रार घेऊन आला, स्वतःच्या बाराव्या पँटीबद्दल अवाक्षर बोलला नाही.

त्या दिवशी मास्तर दुकान लवकर बंद करून घरी आले आणि बायकोला म्हणाले, "मला तुझं ते आसन शिकव."

"कुठलं?"

"खाली बसायचं. आणि उठायचं."

"मी येते ना केंद्रावर तुमच्याबरोबर. मी खाली बसेन, तुम्ही लिहून घ्या."

"दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही."

"मग शिका," ती म्हणाली. "पण थट्टा केलीत तर वर्ग बंद."

बायको इस्पितळातून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. शिकवायला लागली की तिचा तोच जुना आवाज सुरू व्हायचा, गोड आणि कुणाचंही न ऐकणारा. मास्तरांना भिंतीशी उभं करायची, हात वर करायला लावायची आणि म्हणायची, "होल्ड करा." मग आत जाऊन भाजी परतून यायची. मास्तर इकडे हात वर करून लटपटत उभे.

"अगं, लाइन कट झाली की काय?" ते ओरडायचे.

"तुमचा कॉल प्रतीक्षेत आहे," आतून उत्तर यायचं.

शवासन मात्र त्यांना पहिल्याच दिवशी उत्तम जमलं. इतकं की घोरायला लागले.

बाकी सगळा उजेडच होता. वाकल्यावर बोटं आणि जमीन यांत सोळा इंचांचं अंतर राहायचं. हे अंतर मास्तर रोज टेपने मोजून घ्यायला लावायचे आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत एक पान काढून त्यावर लिहायचे. पानाच्या वर नाव घातलं होतं, 'स्वतः'. वज्रासनाचं तर नावच काढायला नको. गुडघे दुमडून टाचांवर बसायचं म्हणजे त्यांना फाशीची शिक्षा वाटायची. बायकोने तोड काढली. दुकानातून कोटाच्या कापडाचे बारा तुकडे मागवले, नीट घड्या घालून पोटऱ्यांवर रचले आणि त्या ढिगावर मास्तरांना बसवलं. मास्तर सिंहासनावर बसल्यासारखे दिसायला लागले, फक्त चेहरा तेवढा राजाचा नव्हता.

"पाच दिवसांनी एक तुकडा काढायचा," ती म्हणाली. "त्याच्या आधी नाही."

मास्तरांनी मनात हिशेब केला. बारा तुकडे, पाच पाच दिवस. म्हणजे बरोबर दोन महिने. एक दिवससुद्धा हाताशी राहत नव्हता. सगळा जन्म त्यांनी शिवणीच्या आत दीड इंच जादा कापड सोडण्यात घालवला होता, आणि स्वतःच्या बाबतीत सोडायला काही उरलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा धीर सुटला. एका सकाळी बायको बाजारात गेलेली बघून त्यांनी सहा तुकडे एकदम काढून टाकले आणि दात-ओठ खाऊन त्या चतकोर ढिगावर बसले. बसले खरे, पण उठता येईना. उजव्या गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांना घाम फुटला. बायको परत आली तेव्हा ते सतरंजीवर आडवे होऊन पंख्याकडे बघत होते.

तिने उरलेले तुकडे मोजले आणि तिला सगळं समजलं. गुडघ्याला शेक देताना तिने विचारलं.

"आखूड झालेलं कापड इस्त्रीने ताणून पुरवता का तुम्ही?"

"छे. ताणलं तरी धुतल्यावर परत आटतं."

"मग?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडेच बघत म्हणाले, "नाही जमणार गं मला. साहेबांना निरोप धाडतो. घेऊ देत तयार कपडे."

"धाडा. पण तो डावा पाय तयार कपड्यात मिळतो का, तेवढं विचारून घ्या."

मास्तरांनीच तिला ते सांगितलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. संध्याकाळी ते म्हणाले, "किती तुकड्यांवर बसायचं आता?"

"नऊ. होते तिथून."

गुडघा बरा व्हायला आठ दिवस गेले. त्यानंतर मास्तरांनी घाई केली नाही. वहीतल्या पानावर सोळाचे पंधरा झाले, पंधराचे साडेचौदा, मग चार दिवस साडेचौदाच. बाराला आल्यावर त्यांनी बायकोला दोनदा मोजायला लावलं. दुकानात पायताण घालताना एकदा लक्षात आलं, आपण आज दाराला धरलं नाही. त्यांनी पायताण परत काढून, परत घालून बघितलं. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून तिसऱ्यांदाही घातलं.

मापांसाठी ठरलेल्या दिवशी सकाळी ढिगात दोन तुकडे बाकी होते.

"दोन राहिले," मास्तर म्हणाले.

"ते तुमचं मार्जिन," बायको म्हणाली आणि दोन्ही तुकडे त्यांच्या पिशवीत घातले. "लागलेच तर गुडघ्याखाली घ्या. लाज वाटून घेऊ नका."

केंद्राच्या अंगणात लाल बंब धुऊन उभा होता आणि त्याच्या सावलीत बावीस जवान रांगेत उभे होते. काहींच्या चेहऱ्यावर हसू होतं. गेल्या वेळचे मोजे अजून कुणी विसरलं नव्हतं. रांगेत पहिला होता तो सगळ्यांत उंच, त्याला सगळे शिडी म्हणत.

"मास्तर, वरून टेप सोडताय ना?" शिडी म्हणाला. "का बंब पाठवू खाली उतरायला?"

रांग हसली. मास्तरांनी पिशवीतले दोन तुकडे काढून जमिनीवर टाकले. त्याची कंबर घेतली, मांडी घेतली. मग एक पाय मागे सरकवला, श्वास सोडला आणि खाली बसले. गुडघे बोलले, पण ओरडले नाहीत. टेप बुटापर्यंत नेली, आकडा डोळ्यांसमोर धरून वाचला, वहीत लिहिला. आणि उठले.

दुसरा. तिसरा. सातव्याला मांड्या थरथरायला लागल्या, तेव्हा कानात आवाज आला, होल्ड करा. मास्तर स्वतःशीच हसले आणि श्वास सोडून खाली गेले. दहाव्यापासून हसणं थांबलं होतं. पंधराव्या वेळी ते उठले तेव्हा रांगेतून कुणीतरी "पंधरा" म्हणालं. मग सगळेच मोजायला लागले. सोळा, सतरा. एकोणिसाव्याला मास्तरांनी जमिनीवरचे तुकडे उचलून बाजूला ठेवले. लागत नव्हते. बाविसाव्याचं माप घेऊन उठले तेव्हा शिडीने आपली टोपी काढून बंबाच्या पायरीवर आपटली आणि अंगणात असा काही गलबला उठला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, कुठे आग लागली?

मास्तरांचा सदरा घामाने चिकटला होता. इतका आनंद त्यांना पहिलं मशीन घेतलं तेव्हाही झाला नव्हता.

शेवटी साहेब पुढे आले. जवान पांगले नव्हते, सगळे भोवती उभे राहून बघत होते.

मास्तर तेविसाव्यांदा खाली बसले. उजव्या पायाला टेप लावली. चाळीस. मग टेप डाव्या पायाकडे नेली आणि आकडा नीट वाचला. साहेब समोर कुठेतरी बघत होते.

"दोन्ही सारखेच ना, मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"अगदी सारखे, साहेब," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आणि वही गुडघ्यावर धरून लिहिलं, उजवा चाळीस, डावा साडेएकोणचाळीस.

वर बघितलं तर साहेबांनी त्यांना उठवायला हात पुढे केला होता. मास्तरांनी त्या हातात पेन्सिल दिली.

"जरा धरा," ते म्हणाले. टेप गळ्यात अडकवली, दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांवर ठेवले आणि सावकाश उठून उभे राहिले. मग पेन्सिल परत घेतली.