वारा भरणाऱ्याची मुलगी

हरिणीचं नाव पुकारलं आणि तिचा बाप मुरली खुर्चीच्या कडेला सरकला.

मद्रासच्या अण्णा नगरातल्या त्या शाळेचा हॉल आईबापांनी गच्च भरला होता. मुरलीच्या शेजारी त्याची बायको जयंती, आणि जयंतीच्या पलीकडे त्याची थोरली बहीण वसंता. भावाबहिणीच्या मधे जयंती गेली चार वर्षं अशीच बसत आली होती. लग्न असो, मुंज असो, कंपाउंडची भिंत ठरलेली. इकडचा निरोप तिकडे तीच पोचवायची, आणि पोचवताना त्यातलं तिखट काढून टाकायची.

कार्यक्रम चौथीच्या मुलांचा होता. करोनाच्या दिवसांतलं जे आठवत असेल ते बोलायचं, घरी कुणाला विचारायचं नाही, अशी टीचरची ताकीद होती. ही मुलं तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांची. एवढ्याशा पोरांना काय कळतं, असं मोठी माणसं म्हणतात आणि त्यांच्यादेखत खुशाल वाटेल ते बोलतात. वसंताही बोलली होती.

मुरली गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर भरतो. रांगेनं नळ्या जोडायच्या, वाल्व्ह उघडायचे आणि एकेका सिलिंडरवर तळहात ठेवून बघायचं. भरला जात असेल तर तो कोमट लागतो, गार राहिला तर काहीतरी अडलंय. कारखान्यात पंधरा वर्षं काढूनही त्यानं कधी घरी कामाची बढाई मारली नाही. मुळात बोलण्यात कंजूष माणूस.

दुसऱ्या लाटेत कारखान्यानं माणसांना घरी सोडणंच बंद केलं. मुरली तिथेच पुठ्ठ्यावर झोपायचा. फाटकाबाहेर ट्रक उभे, आणि ट्रकवाल्यांच्या हातात वेगवेगळ्या हॉस्पिटलांची नावं. त्यात अण्णा नगरात त्याच्या आईला, तुळजाबाईंना, ताप चढला. बेड मिळेना. जयंती फोनवर रडत होती, वसंता ओरडत होती, "एक सिलिंडर घरी आण डा! एवढे भरतोस, एक तुझ्या आईला नाही?" मुरलीनं साहेबांना विचारायचं म्हणून दोनदा दारापर्यंत पाय नेले आणि दोनदा परत आणले. फाटकात उभा असलेला प्रत्येक ट्रक कुणाच्या तरी आईसाठीच आला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ॲम्ब्युलन्स यायच्या आत आई गेली.

स्मशानात त्याला आईला हात लावू दिला नाही. तिथून तो सरळ कारखान्यात परतला. तेव्हा घरी वसंता सगळ्यांसमोर, कडेवरच्या हरिणीसमोर, म्हणाली, "अख्ख्या मद्रासला वारा भरून दिलान. आईच्या तोंडांत चमचाभर गंगा घालायला मिळालं नाही ह्याला." तेव्हापासून तिनं मुरलीशी बोलणं टाकलं. मुरलीनंही सफाई दिली नाही. आपलं चुकलं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

आणि आज हरिणीनं हट्टानं आत्याला बोलावून घेतलं होतं. "काय बोलणार आहेस गे?" असं मुरलीनं सकाळी भीतभीतच विचारलं, तर पोरगी वेणी घालून घेता घेता म्हणाली, "तिथं ऐका, अप्पा. आत्ता सांगितलं तर टीचर रागें भरतील." वसंताचं वाक्य पोरीच्या कानात राहिलं असेल, आणि तेच ती माइकवरून बोलेल, याची मुरलीला खात्रीच होती.

हरिणीच्या आधीच्या मुलानं नुकतंच सांगितलं होतं की करोनात बाबा रोज दोसे करायचे आणि रोज करपवायचे. हॉल खदखदून हसला होता. हसू ओसरायच्या आत हरिणी माइकपाशी आली. ती इंग्रजीत बोलत होती, अडलं की तमिळमध्ये शिरत होती. मुरलीच्या कानात मात्र ते घरचं मराठी होऊनच उतरत होतं.

"माझे अप्पा तेव्हा घरी नव्हते. ते वारा भरायला गेले होते."

मुरलीनं मान खाली घातली.

"आजीला धाप लागायची. मी आजीला म्हटलं, अप्पांना सांग, आपल्याला एक आणा. आजी म्हणाली, नको ग कन्ना. अप्पा भरतात ते सगळे कुणाकुणाचे आहेत. ते मागायचे नाहीत. आपल्या घरात वारा आहे. उलट आपण थोडा उरवू आणि अप्पांना देऊ, म्हणजे आणखी एकाला पुरेल. मग आम्ही रोज खेळायचो. श्वास धरून ठेवायचा. जेवढा वेळ धरला तेवढा वारा उरला. मी लगेच सोडायची. आजी पण सोडायची, मग दोघी हसायचो."

हरिणीनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"एक दिवस सकाळी मी उठले तर आजीनं श्वास धरला होता. मी खूप वेळ बघितलं. तिनं सोडलाच नाही. मी अम्माला ओरडून सांगितलं, अम्मा, आजी जिंकली."

जयंतीनं पदर तोंडाला लावला. त्या पहाटेची ती हाक तिनंही ऐकली होती. तिला वाटलं होतं, पोर झोपेत बरळतेय.

"आता मी मोठी आहे," हरिणी म्हणाली. "वारा तसा उरत नाही, हे मला माहीत आहे. पण टीचरनी जे आठवतं ते सांगायला सांगितलं. मला हे आठवतं. थँक यू."

टाळ्या उशिरा वाजल्या, आणि मग थांबेनात. मुरलीला त्या नीट ऐकूच आल्या नाहीत. आईला सगळं ठाऊक होतं. त्यानं सिलिंडर आणला नाही, आणि तिनं मागितला नव्हता. ज्या गोष्टीवर चार वर्षं तो एकटा झुरत होता, ती दोघांनी मिळून केली होती, आणि त्याची साक्षीदार होती साडेचार वर्षांची पोर. अभिमानानं त्याचा ऊर इतका भरून आला की त्याला बसल्या जागी धड श्वास घेता येईना.

वसंता रडत होती, अगदी आवाज करून, लोकांची पर्वा न करता. तिच्या पलीकडे बसलेल्या वयस्क गृहस्थांनी हळूच तमिळमध्ये विचारलं, "तुमची नात का?"

"भाची," वसंता म्हणाली. मग डोळे पुसून, जयंतीच्या अंगावरून वाकून तिनं मुरलीचं मनगट धरलं आणि त्या परक्या माणसाला दाखवावं तसं वर उचललं. "ह्याची मुलगी. माझा धाकटा भाऊ. ऑक्सिजन भरतो हा. तेव्हाही ह्यानंच भरला."

ते गृहस्थ मुरलीकडे वळले. "माझी बायको त्या महिन्यात वाचली," ते म्हणाले. हातातली काठी खुर्चीला टेकवून ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

 मुरलीही उठून उभा राहिला.