दहाव्यापासून पुढे

गोल्फची मैदानं तपासून त्यांच्या आखणीला गुण देणं हे धाकट्या भावाचं काम. थोरला आयुष्यभर मैदानंच आखत आला होता, पण नातं आड येतं म्हणून धाकटा त्याच्या एकाही मैदानावर परीक्षक होऊन गेला नव्हता. आता थोरल्यानं अंथरूण धरलं होतं. माझं शेवटचं मैदान बघून ये आणि खरं काय ते सांग, असा त्याचा निरोप आला.

मैदानाकडे निघताना दारातच वहिनीनं गाठलं. "डॉक्टरांनी हात टेकलेत, भावजी. चांगलंच सांगा."

मैदान समुद्रकाठचं, लिंक्स म्हणतात तसलं. झाड नाही, आडोसा नाही. वाळूच्या टेकड्या, खुरटं गवत आणि अंगावर येणारा वारा. अशा ठिकाणी आखणाऱ्यानं जमिनीच्या कलानं घ्यायचं असतं. अठरा होलांपैकी पहिल्या नऊंवर ते इतकं साधलं होतं की धाकट्याचा ऊर भरून आला. चेंडू सरळ मारायचा मोह धरला, की उतार त्याला खड्ड्यात ढकलायचा. टेकडीला वळसा घालून धीरानं आलं, की तोच उतार चेंडू होलाजवळ आणून सोडायचा.

दहाव्यापासून सगळं विझलं. टेकड्या यंत्रानं सपाट केलेल्या, वाळूचे खड्डे एका साच्यातून काढल्यासारखे. वारा कायम पाठीशी. डोकं घरी ठेवून आलं तरी चाललं असतं.

थोरला उशांना टेकून वाट बघत होता. पहिल्या नऊ होलांचं धाकट्यानं तोंड भरून कौतुक केलं आणि तो अडखळला.

"पुढचं सांग," थोरला म्हणाला. "मला फसवू नकोस."

वहिनी पायथ्याशी पांघरुणाची घडी घालत होती. धाकट्याला वाटलं, वाट सापडली. "ते तुझं वाटतच नाही, दादा. मालकानं घाईघाईत दुसऱ्या कुणाकडून उरकून घेतलं असणार."

 थोरल्यानं सावकाश सांगितलं. पहिले नऊ होल जुनेच होते, कुणी आखले तेही आता कुणाला ठाऊक नाही. त्यानं फक्त झुडपं काढली, गवत राखलं.

"पुढचे नऊ तेवढे माझे."

धाकट्यानं सावरायला बघितलं. आज वारा भलत्याच दिशेचा होता, पुन्हा एकदा बघतो, असं काहीबाही बोलला. थोरल्यानं हातानंच थांबवलं. "राहू दे. तुझी नजर चांगली आहे," म्हणाला आणि कूस बदलून भिंतीकडे वळला. त्यानंतर मैदानाचा विषय त्यानं कुणाकडेच काढला नाही. महिन्याभरात गेला.

मैदानाच्या मालकाला थोरल्याच्या नावाची पाटी लावायची होती. पहिल्या होलापाशी शोभेल, असं त्याचं म्हणणं पडलं. धाकटा मान खाली घालून उभा होता.

"दहाव्यापाशी लावा," वहिनी म्हणाली. धाकट्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "त्यांचं काम तिथून सुरू होतं."