वाइनोचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. माझी दारं गंजली, पण कान शाबूत आहेत. मोठ्या सरोवराच्या काठी मी एकोणतीस हिवाळे काढले. नवी होते तेव्हा माझं इंजिन उभ्या जागी इतकं शांत चाले, की माझा मालक वाइनो टपावर कॉफीचा कप ठेवून म्हणे, "बघा, थेंबसुद्धा हलत नाही!"

हिवाळ्यात सरोवर गोठे आणि बर्फावरून बेटापर्यंत रस्ता होई. नाताळ सरल्यावर लोकांनी टाकलेली सजावटीची झाडं खुणेसाठी दोन्ही कडांना रोवलेली असत. त्या रस्त्याची रीतच वेगळी. खिडक्या उघड्या, सीटचे पट्टे सोडलेले. बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून. पलीकडे जमीन लागली की वाइनो माझ्या डॅशबोर्डवर बोटाने दोनदा वाजवी. टक टक. पोचलो.

गेल्या पानगळीत वाइनो वारला. त्याची बायको लेम्पी मला चालवू लागली. मार्चमध्ये मी उभी राहिले की बंद पडू लागले, तेव्हा लेम्पीने गराजात बाह्या सरसावल्या. हवेच्या वाटेतली काजळी पुसली. हात पोचावा म्हणून मागची एक बारीक रबरी नळी उपसली. तेवढ्यात बेटावरून लेकीचा, एलिनचा फोन आला.

"आई, बाळ याच आठवड्यात म्हणतात. येशील ना गं?"

आनंदाच्या घाईत लेम्पीने सगळं जोडलं. ती नळी तेवढी लोंबत राहिली.

किल्ली फिरवताच मी हुंकारले. माझा सूर वर चढे, खाली पडे, दम धरी, पुन्हा चढे. कुणी पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबत असल्यासारखा. लेम्पीचे दोन्ही पाय तर जमिनीवर होते.

"वाइनो बसलाय आत," शेजारचा रॉय म्हणाला. "तुझी दुरुस्ती त्याला पसंत नाही."

"जिवंतपणी तरी कुठे होती?" लेम्पी हसली आणि उभ्या इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू पिळून तिने माझा वेग उतरवला.

"अगं, स्क्रू काय पिळतेस? हवा कुठून शिरते ते शोध आधी."

"रविवारी रस्ता बंद होतोय, रॉय. बोट सुरू व्हायला महिना. तोवर नातवंड रांगायला लागेल!"

पण रोज सकाळी ती मला चालू करी आणि हळूच म्हणे, "पाय काढ रे आता." मग काल काय झालं, काय रांधलं, सगळं सांगे. ती नळी मला ठाऊक होती. बोलायला तोंड नव्हतं. आणि खरं सांगू? असतं तरी मी बोलले नसते.

शनिवारी दुपारी आम्ही बर्फावर उतरलो. आभाळ पांढरं, बर्फ पांढरा, मधली रेघ पुसलेली. मध्यावर एका भेगेवर फळ्या टाकल्या होत्या. लेम्पीने वेग कमी केला. माझा सूर चढला, पडला आणि मी विझले.

खाली कुणी जड दार ओढावं तसा बर्फ कण्हला. माझ्या चाकांभोवती पाणी जमू लागलं.

"वाइनो, आज नको," लेम्पी म्हणाली. "पोर वाट बघतेय."

किल्ली फिरली. माझा सूर आपोआप चढला. आणि उघड्या खिडकीतून तिने ऐकलं, सुऽऽऽ. गराजात माझाच हुंकार घुमे, एरवी काचा बंद, हीटर चालू. हा सुस्कारा तिच्या कानी पडलाच नव्हता.

तिने उतरून बॉनेट उघडलं. नळी निघालेल्या उघड्या तोटीवर अंगठा ठेवला. सुस्कारा थांबला. मी शांत झाले, इतकी की विझायच्या बेतात आले. तिने नळीचं चिरलेलं टोक चाकूने कापलं, नळी बसवली, चाकूच्याच टोकाने स्क्रू उलटा फिरवला. मी एका सुरात चालू लागले, पहिल्या वर्षासारखी.

आत बसून तिने पायाशी पाहिलं.

"म्हणजे तू नव्हतासच."

तिने गियर टाकला आणि हळूहळू फळ्या ओलांडल्या. झाडं मागे सरत गेली. मग चाकांखाली खडी वाजली. जमीन आली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

टक टक.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावाल तेव्हा उपसलेलं सगळं जागेवर गेलं का, ते बघा. स्क्रू पिळण्याआधी खिडकी उघडा, ऐका. एकोणतीस वर्षांत माझ्या अंगात जे जे वाजतं, ते सारं मी ओळखते.

तो टक टक आवाज माझा नव्हता.