पांढऱ्या हॉटेलचं तळघर

"सावकाश, आई. घाई नको," गाईडबाई खालच्या पायरीवरून म्हणाली.

"तू मागून ढकलू नकोस. चढते मी," आई म्हणाली, आणि दर दोन पायऱ्यांनी दम खात उघड्या छताच्या बसच्या वरच्या मजल्यावर पोचली.

अकरा वर्षं गाईडबाई याच बसवर माईक धरून पाहुण्यांना शहर दाखवत होती. आईला कितीदा म्हणाली असेल, एकदा ये. "मला काय नवं आहे त्यात," म्हणत आई उडवून लावायची. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी फार तर दोन-तीन महिने सांगितले. परतताना आई आपणहून म्हणाली, "तुझी ती फेरी दाखव मला."

बस समुद्राकाठाने निघाली. नारळाची झाडं, खाडीतल्या पांढऱ्या बोटी, बड्यांचे बंगले. गाईडबाईचं सगळं तोंडपाठ, हशा कुठे येणार तेसुद्धा.

"हा बंगला एका नटाचा. दहा न्हाणीघरं आणि राहणारा एकटा. उरलेल्या नऊंत काय करतो ते मला विचारू नका."

लोक हसले. आईही हसली. घरात धड चार शब्द न बोलणारी आपली लेक इथे एवढी बोलते, याचंच तिला नवल वाटत होतं.

मग पांढरं हॉटेल आलं. तिथल्या लाँड्रीत आईने एकतीस वर्षं चादरी धुतल्या होत्या, पण जाणं-येणं मागच्या गल्लीतून.

"चाळीस वर्षांपूर्वी इथे मोठी आग लागली," गाईडबाई सांगत होती. "झुंबरं गेली, पियानो गेला, पण एकाही पाहुण्याच्या केसाला धक्का लागला नाही."

"पाहुण्यांच्या नाही लागला," आई पुटपुटली.

गाईडबाईने माईक बंद केला. "काय म्हणालीस?"

"तळघरात दोघी होत्या, इस्त्रीवर. त्यातली एक तुझी मावशी."

मावशी तापाने गेली, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. घरात भिंतीवर फोटो होता, एकोणीस वर्षांची हसरी मुलगी.

"मग तो ताप?"

"ताप कसला. कामाची पाळी माझी होती त्या दिवशी. तू पोटात होतीस, उलट्यांनी मला उठवत नव्हतं. ती म्हणाली, तू पड, मी जाते." आई समोर बघत राहिली. "नंतर मॅनेजर म्हणाला, गाजावाजा करू नका, तुमची नोकरी कायम. तुझे वडील तोवर निघून गेलेले. मी मान डोलावली."

"आवाज येत नाही," मागून कुणीतरी ओरडलं.

गाईडबाईने माईक चालू केला. पुढची ठिकाणं तिने सांगितली खरी, पण बंदराजवळचा विनोद अर्ध्यातच विसरली.

फेरी संपली, लोक उतरले. आई जागची हलली नाही. "अजून एकदा बघू दे."

"आता मी काय सांगायचं तिथे?"

"काम तुझं आहे. तू ठरव."

नवे पाहुणे चढले. नटाच्या बंगल्याशी हशा झाला. पांढऱ्या हॉटेलसमोर बस आली तेव्हा गाईडबाईने माईक तोंडाजवळ घेतला.

"चाळीस वर्षांपूर्वी इथे आग लागली. पाहुणे सगळे वाचले. तळघरात इस्त्री करणाऱ्या दोघी वाचल्या नाहीत."

कॅमेरे खाली आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "नावं काय त्यांची?"

मावशीचं तिला ठाऊक होतं, दुसरीचं नाही. ती आईकडे वळली. आईने हळू आवाजात दोन्ही नावं सांगितली. दुसरी दोन मुलांची आई होती, हेही सांगितलं. गाईडबाईने सगळं माईकवर जसंच्या तसं म्हटलं. मावशीच्या नावाशी तिचा आवाज चिरकला, म्हणून ते पुन्हा नीट म्हटलं.

खाली ड्रायव्हरने वेग अगदी कमी केला.

चालत्या बसमध्ये वर उभं राहायला सक्त मनाई होती. दिवसातून दहादा गाईडबाई लोकांना दटावून खाली बसवायची. आई पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उठली. हॉटेल मागे पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि गाईडबाईने तिला बसायला सांगितलं नाही.